रिकामी मान

"आ कर. अजून मोठा. जीभ बाहेर काढ."

सुपडीने जीभ बाहेर काढली. मी चमच्याने ती दाबली आणि टॉर्चच्या उजेडात, जिभेच्या पार मुळाशी, मला एक लालसर गोळा दिसला. छोट्या लिंबाएवढा. गुळगुळीत, वरून निळसर शिरा गेलेला. टॉन्सिल नव्हते ते. टॉन्सिल दोन बाजूंना असतात. हा बरोबर मधोमध बसला होता. मी चमचा जरा आत सरकवताच तिला उमासा आला. ती मागे सरली आणि आईचा पदर धरून उभी राहिली.

"पाह्यलं ना?" तिची आई बायजाबाई म्हणाली. "टाका मग आकडा."

मी आकडा टाकला. ही गोष्ट सांगताना मला ते आधी कबूल केलं पाहिजे. तिच्या डाव्या मनगटावर जांभळ्या औषधाने एकतीस हा आकडा मीच काढला.

ते साल एकाहत्तर. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात मी सरकारी दवाखान्याचा एकटा डॉक्टर होतो. वय सव्वीस. त्या जानेवारीत गावच्या शाळेत टॉन्सिलचं शिबिर भरलं होतं. मोठ्या शहरातून नाक-कान-घशाचे सर्जन डॉक्टर सबनीस दोन दिवसांसाठी आले होते. सकाळी व्हरांड्यात बसून मी घसे तपासायचे, ज्याला कापायचं त्याच्या मनगटावर आकडा काढायचा, आणि मग आत सातवीच्या वर्गात मीच त्यांना ईथरची गुंगी द्यायची, अशी पद्धत होती. कागद हरवतात, माणसं एकमेकांच्या चिठ्ठ्या घेऊन येतात, पण जांभळा आकडा आठ दिवस धुतला जात नाही. एकदा आकडा पडला की माणूस टेबलावर जायचाच. आत कोणी पुन्हा तपासत नसे. तेवढा वेळच नसायचा.

"किती वर्षांची?" मी आकडा वाळेपर्यंत विचारलं.

"पंधरावं लागलं."

मी मान वर करून पाहिलं. मला ती नऊ-दहाची वाटली होती. जानेवारी असला तरी अकराचं ऊन चांगलं तापलं होतं, आणि पोरगी घोंगडं पांघरून उभी होती. चेहरा फुगीर, पापण्या जड. हात लागला तर गार.

"बोलते का?"

"बोलते, पन तोंडात बोर धरल्यावानी. घास उतरत नाही तिले. पेज पिते नुसती. अन् रातच्याला घोरते, मधीच दम थांबतो. मी उठून हलवते, मंग घेते दम. दोन वर्सं झोपली नाही मी, डाक्टर. आज काढून टाका ते."

मी तिच्याकडे पाहत होतो, म्हणजे बायजाबाईकडे. तिच्या गळ्याला वांग्याएवढी गाठ होती. त्यात नवल काही नव्हतं. डोंगराच्या त्या पट्ट्यात पाण्यात आणि मातीत आयोडीन नाही, त्यामुळे दर तिसऱ्या बाईच्या गळ्याला गलगंड. रांगेतल्या तिच्या मागच्या बाईलाही होता, तिच्या मागच्या म्हातारीला तर दुहेरी होता. लहान पोरांच्याही माना तिथे थोड्या भरलेल्या असत. मला वर्षभरात त्याची इतकी सवय झाली होती की गाठ दिसणं मला बंदच झालं होतं.

आणि म्हणूनच बहुधा, सुपडीची मान माझ्या नजरेत भरली. ती साफ सपाट होती.

मी तिच्या गळ्यावर बोटं ठेवली. कंठाच्या खाली, जिथे गलगंडाची ग्रंथी बसते तिथे. प्रत्येकाला ती असते. सुजली की दिसते, नाहीतर बोटांना मऊ गादीसारखी लागते. "गिळ," मी म्हणालो. तिने आवंढा गिळला. माझ्या बोटांखालून श्वासनळीची कडी एकेक करून सरकली, कोंबडीच्या मानेतली असावीत तशी उघडी. वर मऊ काहीच नव्हतं.

"पुढे," मागून कोणीतरी ओरडलं. "डाक्टर, एकाच पोरीपाशी दुपार करता का?"

मी बत्तिसाव्या माणसाला बोलावलं.

*

जेवणाच्या सुट्टीत मी घरी पळालो. माझं घर म्हणजे दवाखान्यामागची एक खोली, आणि तीत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. शस्त्रक्रियेच्या जाड ग्रंथात, पानाच्या तळाशी, बारीक टाइपात मी कधीतरी काहीतरी वाचलेलं होतं. ते सापडायला वीस मिनिटं लागली. तीनच ओळी होत्या. गर्भात ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि मग खाली मानेत उतरते. क्वचित ती उतरतच नाही. अशा रुग्णाच्या जिभेवर गाठ दिसल्यास, ती काढण्यापूर्वी मानेत ग्रंथी आहे याची खात्री करावी. बहुतेक वेळा ती नसते.

म्हणजे सुपडीच्या घशातला गोळा हा रोग नव्हता. जी वस्तू मानेत असायला हवी ती वरच अडकून बसली होती. कमी पडत होती म्हणून फुगत होती. तिच्या अंगात होती तेवढी ती एकच.

मी तीन ओळी तीनदा वाचल्या. मग मला नेहमीसारखी शंका यायला लागली. पुस्तकावर माझा विश्वास होता, बोटांवर नव्हता. असा रुग्ण मी जन्मात पाहिलेला नव्हता. कदाचित ग्रंथी लहान असेल, मला लागली नसेल. कदाचित साधी रक्ताची गाठ असेल. आज ती काढली नाही, शिबिर निघून गेलं, आणि पुढच्या आठवड्यात पोरगी झोपेत गुदमरून गेली तर? बायजाबाई तीन कोस चालून आली होती. तिला शहर माहीत नव्हतं. सबनीसांसारखा माणूस तिच्या आयुष्यात पुन्हा येणार नव्हता.

मी पुस्तक काखेत मारलं आणि परत गेलो.

सबनीस पन्नाशीचे, अंगाने भरदार. हात इतके चपळ की टॉन्सिल निघाले हे त्यांना स्वतःलाही मागाहून कळायचं असं ते म्हणत. काम करताना गुणगुणायचे. मला त्यांनी पहिल्या दिवशीच 'ग्रंथपाल' हे नाव दिलं होतं.

"सर, एकतीस नंबरबद्दल जरा—"

"एकोणीस आण रे आधी. आणि ग्रंथपाल, ते काखेत काय? उशी का?"

वळवी सिस्टर हसली. मी पुस्तक खिडकीत ठेवलं आणि एकोणिसाव्याच्या तोंडावर मास्क धरून ईथरचे थेंब सोडायला लागलो.

बाविसाव्याच्या वेळी मी पुन्हा तोंड उघडलं. "सर, ती एक मुलगी आहे, तिची गाठ मधोमध—"

"पाहिली मी, सकाळी तू टॉर्च मारलास तेव्हा दारातून. छान आहे. तिला तारेचा फास लावू, पाच मिनिटांत बाहेर. अशा मी काढल्यात." ते पुन्हा गुणगुणू लागले.

पंचवीस. सत्तावीस. एकोणतीस. दर वेळी मी बोलायचं ठरवत होतो आणि दर वेळी पुढच्याच्या तोंडावर मास्क धरत होतो. तिसाव्याला उचलून बाहेर नेलं, आणि शिपायाने हाक दिली, "एकतीस!"

सुपडी स्वतःच चालत आली. टेबलावर चढायला तिला स्टूल द्यावं लागलं. ती निजली आणि तिने जांभळा आकडा वर येईल असा हात पोटावर ठेवला. मागे दारात बायजाबाई उभी होती.

"मास्क," सबनीस म्हणाले.

मी मास्क उचलला नाही.

"मोघे, मास्क."

"सर, मी हिला गुंगी देणार नाही."

सबनीसांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू टेबलच बोललं होतं.

"काय म्हणालास?"

"ही गाठ नाही, सर. ही तिची थायरॉईड आहे. मानेत नाहीये. मी पाहिलं." माझा आवाज किरटा येत होता, मला स्वतःला ऐकू येत होता. "काढली तर हिच्याकडे काहीच उरणार नाही."

"कुठल्या कॉलेजात शिकवलं हे?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात!" ते मोठ्याने हसले. "तू अशा किती पाहिल्यास?"

"एकही नाही."

"मी?"

"तुम्ही पाहिल्या असतील, सर."

"मग बाजूला हो. वळवी, तू दे ईथर. तुला येतं."

सिस्टर माझ्याकडे बघेना, सबनीसांकडेही बघेना. तिने ट्रे इकडचा तिकडे केला. "सर, मास्क कुठं दिसत नाही," ती म्हणाली. मास्क तिच्या डाव्या हातात, एप्रनमागे होता. दारातून बायजाबाईलासुद्धा तो दिसत असला पाहिजे.

"हा काय तमाशा लावलाय?" सबनीसांचा चेहरा लाल झाला. "मी जिल्हा सर्जनांना लिहीन, मोघे. तुझी नोकरी—"

"लिहा, सर. पण आधी मानेला हात लावा. एकदाच. आधी आईच्या, मग हिच्या."

हे शब्द मी कुठून काढले मला आजही सांगता येत नाही. मी बायजाबाईला आत बोलावलं. ती आली, बिचकत. "काय झालं? पोरीचं काही वंगाळ आहे का?"

"नाही, मावशी. डॉक्टरांना तुमचा गळा पाहू द्या."

मग, मला वाटतं मला गप्प करण्यासाठीच, त्यांनी हातमोजे काढले आणि बायजाबाईच्या गळ्यावर बोटं टेकवली. "हं. ठीक. गलगंड. पुढे?"

"आता हिच्या. गिळ गं सुपडी."

त्यांनी बोटं ठेवली. ती सराईत बोटं होती, माझ्यासारखी घाबरणारी नव्हती. सुपडीने आवंढा गिळला. सबनीसांची बोटं एकदा वर गेली, खाली आली, दोन्ही बाजूंना फिरली. त्यांनी डोळे मिटले. "पुन्हा गिळ." तिने गिळलं. ते खाली सरकले, छातीच्या हाडापर्यंत गेले. मग त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"हिचे हात इतके गार का आहेत?" त्यांनी विचारलं. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

"नेहमीच असतात," बायजाबाई म्हणाली.

त्यांचं गुणगुणणं केव्हा थांबलं होतं ते मला आठवत नाही. त्यांनी तो हात परत तिच्या पोटावर ठेवला. मग म्हणाले, "उतरव हिला."

"म्हंजे?" बायजाबाई पुढे आली. "काढत नाही का तुमी?"

"नाही, बाई. या डॉक्टरचं बरोबर आहे. काढायची नाही."

"अन् मंग आकडा कशाले टाकला? गावात काय सांगू? आकडा पडला अन् परत धाडलं? मोठ्या डाक्टरले येत नाही म्हनून?" तिचा आवाज चढला, आणि मग एकदम फुटला. "ती मरून जाईल हो रातच्याला."

"मावशी," मी म्हणालो, "आकडा मी टाकला. चूक माझी. या ग्रंथीतून जो रस निघतो त्याच्याच मी गोळ्या देतो, तो बाहेरून मिळाला की गाठीला फुगावं लागणार नाही. पहिल्यांदा पाव गोळी, मग अर्धी. रात्री कुशीवर निजवायचं, पाठीवर नाही. दर पंधरा दिवसांनी घेऊन या. तीन महिन्यांत गाठ कमी झाली नाही, तर मी स्वतः मुंबईला नेईन हिला. माझ्या पैशाने."

"अन् तुमी बदली होऊन गेले तर?"

"नाही जाणार."

तिने माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. मी काही विश्वास वाटावा असा दिसत नसे. "चल गं," ती सुपडीला म्हणाली. पण गोळ्यांची पुडी तिने कमरेला खोचली.

*

पाच वाजता शेवटचा पेशंट झाला. शिपायाने मास्तरांच्या खोलीत आम्हा दोघांना चहा आणून दिला. सबनीसांनी कप उचलला नाही.

"काढली असती तर काय झालं असतं, मोघे?"

"अंग हळूहळू थंडावतं, सर. सूज येते. केस गळतात, आवाज घोगरा होतो, बोलणं जड होतं. दिवसभर झोप. मग माणूस बिछान्याला लागतो."

"किती दिवसांत?"

"वर्षभरात."

"आणि मग?"

वर्गाच्या खिडकीतून आणलेलं पुस्तक मी टेबलावर ठेवलं. त्यांनी ते ओढून घेतलं. "दाखव." मी पान काढून दिलं. त्यांनी तीन ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटलं.

"गेल्या वर्षी," ते म्हणाले, "अशाच एका शिबिरात मी एक काढली. बावीस वर्षांची बाई, नवीन लग्न झालेलं. पाच मिनिटांत काढली. रक्तसुद्धा फार गेलं नाही. ती गाठ मी बरणीत ठेवलीय, माझ्या टेबलावर. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो."

सबनीसांनी कप बाजूला सारला.

"सहा महिन्यांनी तिच्या भावाचं कार्ड आलं. बहीण सुजलीय, उठत नाही, सासरच्यांनी बाहेरचं काही लागलंय म्हणून परत आणून सोडलीय, काय करू? मी त्याला लिहिलं, रक्त कमी असेल, लोहाच्या गोळ्या द्या." त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "कार्ड अजून आहे माझ्याकडे. त्यावरचं गाव इथून पूर्वेलाच आहे."

बाहेर सतरंज्या झटकत होते. सबनीस उठले.

"तुझ्याकडे त्या गोळ्यांच्या बाटल्या किती आहेत?"

"गलगंडासाठी मागवलेल्या चार आहेत. एक सुपडीसाठी फोडली."

"दोन मला दे. आणि कशा द्यायच्या ते लिहून दे. नीट, मोठ्या अक्षरात."

मी लिहून दिलं. पाव गोळी, दोन आठवड्यांनी अर्धी, छातीत दुखलं तर थांबायचं. असा आजार मला फक्त तीन ओळींवरून आणि एका दुपारच्या अनुभवावरून माहीत होता, आणि समोरचा माणूस माझं लिहिणं आज्ञेसारखं घेत होता.

"मी येऊ का बरोबर?" मी विचारलं.

"नको. हे माझं मलाच सांगावं लागेल."

त्यांची गाडी शहराकडे न वळता पूर्वेला गेली.

*

पहिल्या महिन्यात काहीच झालं नाही. बायजाबाई एकदा आली, दुसऱ्यांदा आलीच नाही. मी सायकल काढली आणि तिच्या गावी गेलो. तिने मला ओट्यावर बसवलं आणि ऐकवलं, "पाव गोळीनं काय व्हतं, डाक्टर? चिमनीले देता का?" मी सुपडीला तोंड उघडायला लावलं, घशातल्या गोळ्याचं चित्र वहीत काढलं. आदल्या चित्राएवढाच होता. त्या रात्री मी पुस्तक पुन्हा काढलं. त्यात तीनच ओळी होत्या, चौथी उगवली नव्हती.

दर पंधरा दिवसांनी जात राहिलो. गोळी वाढवत नेली. सातव्या आठवड्यात मी पोचलो तेव्हा सुपडी शेणाने अंगण सारवत होती आणि घोंगडं दांडीवर होतं. गोळा तेवढाच होता, पण पोरीचे हात उबदार लागले. मी ते दोनदा धरून पाहिले. दहाव्या आठवड्यात वहीतलं चित्र पहिल्यांदा लहान आलं. मला माझ्या चित्रकलेची शंका आली, म्हणून मी बायजाबाईलाच टॉर्च देऊन आत पाहायला सांगितलं.

"उतरलं," ती म्हणाली. मग टॉर्च विझवून ती चुलीकडे गेली. थोड्या वेळाने सुपडीने माझ्यासमोर बसून बाजरीची अर्धी भाकरी मिरचीच्या ठेच्याशी खाल्ली. मध्ये पाणीसुद्धा प्यायली नाही. आम्ही दोघं तिच्याकडे पाहत बसलो होतो.

दिवाळीपर्यंत बायजाबाईने तिच्या परकराची दुमड दोनदा उसवली. पोरगी वाढायला लागली होती.

सबनीसांना मी, गाठ उतरली त्याच आठवड्यात, सगळं कार्डावर लिहून कळवलं होतं. माझी नोकरी गेली नव्हती. जिल्हा सर्जनांना त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. त्यांचं उत्तर लगेच आलं. अक्षर घाईचं होतं, चार ओळी:

'तुझ्या पोरीचं वाचून बरं वाटलं. इकडची ती बाई आता भिंत धरून चालते. आजवर गुंगीत असायची, मी कोण हे तिला उमगत नव्हतं, माझ्याकडून गोळ्या भाऊच घेऊन ठेवायचा. काल तिने मला ओळखलं. काय काय बोलली ते लिहीत नाही. सगळं खरं होतं. मला दाराबाहेर काढलं, पण बाटली ठेवून घेतली. अजून सहा पाठव.'

दवाखान्यात नव्याने मागवलेल्या बाटल्या आल्या होत्या. मी त्याच दिवशी टपालाने आठ पाठवल्या.